समीक्षकहो, टक्के राहू द्या. काय पाहिलं ते लिहा

प्रति,
मराठी वृत्तपत्रांत, वेबसाइटांवर आणि यूट्यूबवर चित्रपटांची समीक्षा करणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात राहतो. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मोबाइल रिचार्ज असं दुकान आहे. सिनेमाशी माझा धंद्याचा संबंध काही नाही. पाहण्याचा आहे, आणि समीक्षा वाचण्याचा त्याहून जास्त आहे. आमच्याकडे सिनेमाच्या आधी समीक्षा पोचते आणि पुष्कळदा फक्त समीक्षाच पोचते, सिनेमा येतच नाही. त्यामुळे तुमचं लिहिणं पुण्यामुंबईचा माणूस वाचतो त्यापेक्षा आम्ही जरा जास्त मन लावून वाचतो, हे आधी सांगून ठेवतो. तक्रार आहे ती वाचणाऱ्याची आहे.

विषय आहे व्हिडिओ गेमवरून काढलेले चित्रपट. एवढं वाचून तुमच्यातले काही जण इथंच थांबतील. त्यांनीच पुढं वाचावं अशी माझी इच्छा आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये 'अ माइनक्राफ्ट मूव्ही' आला. त्याच्या जेवढ्या मराठी समीक्षा मी वाचल्या आणि ऐकल्या, त्यांचा साचा जवळपास एकच होता. आधी गोष्ट चार ओळींत, मग जॅक ब्लॅक आणि जेसन मोमोआ या नटांची नावं, मग 'रॉटन टोमॅटोजवर अवघे ४८ टक्के', मग 'तरीही जगभर कोट्यवधी डॉलरची कमाई', आणि शेवटी दोन-अडीच स्टार. दोन आकड्यांच्या मधात चित्रपट काही सापडेना. दुकानात फॉर्म भरायला आलेल्या अकरावीच्या एका पोट्ट्याला मी त्यातली एक समीक्षा वाचून दाखवली. तो म्हणाला, "काका, त्याईनं गेम कदी पायलाच नाही वाट्टे."

माझं सगळं म्हणणं त्याच्या या एका वाक्यात आलं आहे. पण तुम्ही शिकलेसवरलेले लोक, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो टक्का. रॉटन टोमॅटोज ही समीक्षकांची मतं गोळा करणारी अमेरिकेतली वेबसाइट. रॉटन टोमॅटोजवरचे ४८ टक्के म्हणजे १०० पैकी ४८ मार्क नव्हेत. तिथं प्रत्येक समीक्षकाचं म्हणणं 'आवडला' किंवा 'नाही आवडला' अशा दोनच खणांत टाकतात आणि आवडलेल्यांचं प्रमाण काढतात. शंभर जणांनी 'ठीक आहे, एकदा पाहायला हरकत नाही' असं लिहिलं तर त्या चित्रपटाला १०० टक्के मिळतील. पन्नास जणांनी डोक्यावर घेतला आणि पन्नास जणांनी आपटला, तर ५०. साठाला रेष मारलेली आहे. वर लाल टोमॅटो, खाली हिरवा चेंदा. २०२३ मधला 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही' ५९ वर अडकला आणि चेंद्यात गेला. एक टक्का जास्त असता तर तो 'ताजा' ठरला असता आणि चित्रपटातली एक चौकटसुद्धा बदलली नसती. मेटाक्रिटिकवर, जिथं काही समीक्षांना जास्त वजन देऊन शंभरपैकी सरासरी काढतात, तिथं त्याचे ४६. प्रेक्षकांच्या टक्क्यात ९५. जगभरचा गल्ला सुमारे १३६ कोटी डॉलर, त्या वर्षी 'बार्बी'च्या खालोखाल. एकाच चित्रपटाचे चार आकडे, चारही खरे, आणि चारांतून चित्रपट कसा आहे हे कळत नाही.

मग मथळ्यात त्यातला कोणता घ्यायचा? तुम्ही जो घेता तो बहुतेक पहिला. तो मिळवायला सगळ्यात सोपा असतो.

कोणी म्हणेल, समीक्षकांचे टक्के सोडा, प्रेक्षकांचे घ्या, लोकशाही आहे. तेही मला पटत नाही. २०१९ पासून रॉटन टोमॅटोजवर 'खात्रीशीर' प्रेक्षक वेगळा धरतात. तिकीट घेतल्याचा पुरावा अमेरिकेतल्या तिकीट विकणाऱ्या कंपन्यांकडून येतो. सिनेमास्कोअर नावाची दुसरी पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. पहिल्या रात्री थिएटरबाहेर पडणाऱ्यांच्या हातात कार्ड देऊन त्यांची श्रेणी घेतात, तीही अमेरिका-कॅनडातल्या शहरांत. पहिल्या रात्री कोण जातं? ज्याला आधीच ओढ आहे तो. 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज' २०२३ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा समीक्षकांचे टक्के तिशीच्या आसपास आणि प्रेक्षकांची श्रेणी 'ए मायनस'. भयपटाला अशी श्रेणी सहसा मिळत नाही. पण ती दिली कोणी? लहानपणापासून त्या गेमची गुपितं उकलत बसलेल्या पोरांनी. ती श्रेणी खोटी आहे असं नाही, ती त्यांची आहे. ब्रह्मपुरीचा, सिंदेवाहीचा, कुरखेड्याचा प्रेक्षक यातल्या कोणत्याच मोजणीत नाही. आमच्याकडची पोट्टी हे चित्रपट बहुधा टेलिग्रामवरच्या चोरीच्या प्रतीत पाहतात, ते मला मान्य नाही आणि कायद्यालाही नाही. पण त्यामुळं आमचा माणूस टक्क्यातही नसतो आणि गल्ल्यातही नसतो. तरी त्याला तुम्ही तोच टक्का आणि तोच गल्ला वाचायला देता.

गल्ल्याचंही तेच. 'वॉरक्राफ्ट' २०१६ मध्ये आला. जगभर सुमारे ४३.९ कोटी डॉलर, पण खुद्द अमेरिकेत जेमतेम ४.७ कोटी, आणि एकट्या चीनमध्ये सुमारे २२ कोटी. चीनमध्ये तो गेम वर्षानुवर्षं इंटरनेट कॅफेत बसून खेळलेली एक अख्खी पिढी आहे. शिवाय चित्रपट काढणारी लिजंडरी ही कंपनी त्याच वर्षाच्या जानेवारीत चीनच्या वांडा समूहानं विकत घेतली होती, आणि वांडाची तिथं स्वतःची थिएटरं आहेत. एवढा गल्ला होऊनही सुमारे १६ कोटी डॉलर खर्चाचा तो चित्रपट तोट्याचा धरला गेला, कारण गल्ल्यातला मोठा वाटा थिएटरवाले ठेवतात आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच असतो. आता सांगा, 'वॉरक्राफ्ट' चालला की पडला? अमेरिकेत पडला, चीनमध्ये चालला, हिशेबाच्या वहीत पडला. आणि चांगला होता की वाईट, हे यातून अजूनही कळलेलं नाही.

उलटी उदाहरणं पण आहेत, ती तुम्ही कमी सांगता. 'अँग्री बर्ड्स'चा पहिला चित्रपट २०१६ मध्ये आला, समीक्षकांनी नाक मुरडलं, गल्ला सुमारे ३५ कोटी डॉलर. दुसरा २०१९ मध्ये, समीक्षकांना तो बराच आवडला, टक्के सत्तरीच्या पुढं. गल्ला निम्म्याहून कमी. २०२१ चा 'वेअरवुल्व्ह्ज विदिन' तर टक्क्यांच्या हिशेबात तोवरच्या गेमवरच्या चित्रपटांतला अव्वल नंबराचा, ८६ च्या आसपास, आणि थिएटरात कमाई दहा लाख डॉलरच्या घरात. साथीचे दिवस होते हे खरं, पण तरी. आणि २०२४ चा 'बॉर्डरलँड्स' घ्या. केट ब्लँचेटसारखी अभिनेत्री, खर्च ११ कोटी डॉलरच्या वर, कमाई सुमारे ३.३ कोटी, समीक्षकांचे टक्के दहाच्या आसपास, प्रेक्षकांची श्रेणी 'डी प्लस'. इथं समीक्षक आणि प्रेक्षक हातात हात घालून बाहेर पडले. म्हणजे 'समीक्षकांना कळत नाही, जनतेला कळतं' हे जे एक ठरीव भांडण तुम्ही दर वेळी लावून देता, तेसुद्धा दर वेळी खरं नसतं.

मी समीक्षकांच्या विरोधात नाही, हे इथं नीट नोंदवून ठेवा. सुरुवातीच्या काळात समीक्षक बरोबरच होते. १९९३ चा पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' चार कोटी डॉलरहून जास्त खर्चून काढला आणि अमेरिकेत त्यातले निम्मेच परत आले. गेममध्ये रंगीत विटा, नाणी, मश्रूम. चित्रपटात काळोखं घाणेरडं शहर आणि डायनासोरपासून झालेली माणसं. बॉब हॉस्किन्ससारखा कसलेला नट त्या चित्रपटाचा विषय निघाला की पुढं कायम वैतागायचा. मग १९९५ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आला आणि सुमारे १२ कोटी डॉलर कमावून गेला. त्यात गोष्ट नावापुरती, पण मारामाऱ्या खऱ्या, आणि गेमही तेवढाच होता. २००१ मध्ये अँजेलिना जोलीचा 'टूम रेडर', २००२ पासून 'रेसिडेंट एव्हिल'ची रांग, सहा चित्रपट मिळून १२० कोटी डॉलरच्या वर. आणि याच काळात उवे बोल.

या जर्मन गृहस्थांवर थांबल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. 'हाऊस ऑफ द डेड', 'अलोन इन द डार्क', 'ब्लडरेन' असे एकामागून एक गेमचे हक्क विकत घेऊन त्यांनी चित्रपट काढले. 'अलोन इन द डार्क'चा टक्का एक. एकच. तरी पुढच्या चित्रपटाला पैसा तयार, कारण जर्मनीच्या तेव्हाच्या करनियमांत चित्रपटात पैसा गुंतवणाऱ्याला मोठी सवलत होती. चित्रपट चालला नाही तरी गुंतवणारा अगदीच बुडत नव्हता. २००६ मध्ये या दिग्दर्शकानं आपल्यावर टीका करणाऱ्यांना मुष्टियुद्धाचं आव्हान दिलं, आणि काही जण खरंच रिंगणात उतरले आणि मार खाऊन आले. बोल तरुणपणी बॉक्सिंग करायचा हे त्यांनी आधी विचारायला हवं होतं. बापा, समीक्षा हा एवढा जोखमीचा धंदा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

तर त्या काळात गेमवरचा चित्रपट म्हटलं की नाक मुरडायची सवय लागली, आणि ती सवय रास्त होती. माझं म्हणणं एवढंच, की आता बोल बाजूला झाले, पण सवय तशीच राहिली.

आता माझ्या गावाकडचं सांगतो, कारण हे दुखणं आम्ही फार आधीपासून ओळखतो.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं चालतात, हे तुम्हाला माहीत असेल. वडशाला नाट्यमंडळांची कार्यालयं. गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा असो की शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, दिवसा पट आणि रात्री नाटक. दहाला पडदा वर जातो आणि उजाडायच्या सुमाराला खाली येतो. तिकीट लावून. गावाचे पाहुणे येतात, सोयरिकी जमतात, आणि मंडपात पाय ठेवायला जागा नसते. या रंगभूमीबद्दल पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांत दर एक-दोन वर्षांनी एक लेख येतो. त्यात काय असतं? 'हंगामात इतके प्रयोग, इतक्या कोटींची उलाढाल.' २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातले आमचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला केवढा आनंद झाला. बातम्यांत त्यांच्या प्रयोगांचा आकडा आला, भूमिकांचा आकडा आला. ते रंगमंचावर उभे कसे राहतात, त्यांच्या कोणत्या वाक्याला मंडप हसतो आणि कोणत्या वाक्याला बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात, ते मी वाचलेल्या बातम्यांत कुठंच नव्हतं.

लिहिणाऱ्याला जे समजत नाही त्याचा तो आकडा देतो. झाडीपट्टीचं नाटक समजलं नाही, उलाढाल लिहिली. गेमवरचा चित्रपट समजला नाही, टक्का लिहिला.

आणि कधी कोणी आकड्यापलीकडं जाऊन लिहिलंच, तर ते असं असतं: 'कथानक भडक, संवाद पल्लेदार, तीच ती गोष्ट पुन्हा सांगितली जाते, मध्येच कारण नसताना विनोदी प्रवेश आणि नाच.' अहो, नाटक रात्रभर चालतं! रात्री दोन-अडीचच्या सुमाराला थंडीत डोळे जड होतात, नेमका तेव्हाच विनोदी नट येतो. गोष्ट पुन्हा सांगतात कारण मागच्या ओळीतला निम्मा मंडप मधात चहाला उठून गेलेला असतो, आणि शेजारच्या गावचे लोक बाराला पोचलेले असतात. आवाज मोठा, हातवारे मोठे, कारण शेवटच्या माणसाला चेहरा दिसत नाही. हे ज्याला माहीत आहे त्यानं मग खुशाल म्हणावं की विनोदी प्रवेश फसला, नाच घुसडलेला होता, दुसरा अंक पडला. आमचे लोक म्हणतातच. सकाळी चहाच्या टपरीवर ऐका. तिथं कोणी स्टार देत नाही, पण कोणता प्रवेश रंगला, कोणाला पाठ नव्हतं, मुंबईहून आणलेला नट कसा नुसता उभा राहून गेला, याचा पुरा पंचनामा होतो. आणि पहिल्या काही गावांत जो प्रवेश पडतो, तो पुढच्या गावात बदललेला दिसतो.

ही गोष्ट हॉलिवूडलाही एकदा करावी लागली. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'सॉनिक द हेजहॉग'ची पहिली झलक आली आणि माणसासारख्या दातांचा तो निळा प्राणी पाहून गेम खेळणाऱ्यांनी इतका कल्ला केला, की दिग्दर्शक जेफ फाउलरनं काही दिवसांतच रूप बदलायचं जाहीर केलं. त्या वर्षी नोव्हेंबरात येणारा चित्रपट २०२० च्या फेब्रुवारीत आला, ३० कोटी डॉलरच्या वर कमावून गेला, आणि २०२४ अखेरच्या तिसऱ्या भागापर्यंत गाडी ४९ कोटींवर पोचली. समीक्षकांचे टक्केही तिन्ही भागांत चढत गेले. ही तक्रार कोणी केली होती? त्या प्राण्याला वर्षानुवर्षं पळवलेल्या पोरांनी. त्यांना माहीत होतं तो कसा दिसतो. मला सांगा, तुमच्यापैकी कोणी त्या वेळी लिहिलं होतं की नेमकं काय चुकलं आहे?

आता माइनक्राफ्टकडं परत येतो. तो गेम स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा, २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कंपनी २५० कोटी डॉलरला घेतली, आणि आजवर ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्यात गोष्ट नाही. कोणी राजकन्या पळवून नेलेली नसते. चौकोनी ठोकळ्यांचं जग असतं. दिवसा लाकूड तोडा, खणा, घर बांधा. रात्री राक्षस येतात. शेवट ज्याचा त्यानं ठरवायचा. अशा गेमचा चित्रपट काढायचा म्हणजे पहिला प्रश्नच हा, की ज्याला गोष्ट नाही त्याची गोष्ट कशी करणार? समीक्षकानं हा प्रश्न विचारायला हवा होता. चित्रपटानं सोपी वाट धरली: बाहेरच्या जगातली चार माणसं आत टाकली आणि त्यांना एक वस्तू शोधायला लावली. ती वाट मला स्वतःला कंटाळवाणी वाटली. बांधण्याचा आनंद, जो त्या गेमचा जीव आहे, तो चित्रपटात फार थोडा वेळ दिसतो. हे मी चांगल्या मनानं चित्रपटाविरुद्ध सांगतो आहे, आणि यासाठी मला कोणत्याही टक्क्याची गरज पडली नाही.

आणि तो 'चिकन जॉकी'. अमेरिकेतल्या थिएटरांत हे दोन शब्द जॅक ब्लॅकनं उच्चारले की पोरं उभी राहून ओरडायची, पॉपकॉर्न उधळायची. काही ठिकाणी थिएटरवाल्यांना ताकीद द्यावी लागली. मराठीत ही बातमी 'तरुणाईचा धिंगाणा' अशी आली. काहून ओरडत होते, हे कोणी लिहिलं नाही. गेममध्ये कोंबडीवर बसलेला छोटा झोंबी फार क्वचित दिसतो. कित्येक तास खेळावं तेव्हा कधीतरी. दिसला की खेळणारा दचकतो आणि मित्राला हाक मारतो. ती हाक चित्रपटात पडद्यावरून आली, आणि थिएटरातल्या प्रत्येकानं ती आपली म्हणून उचलली. चित्रपट म्हणून तो प्रसंग सामान्यच आहे, पण त्या ओरडण्यामागं काय आहे ते सांगितल्याशिवाय तुमची समीक्षा पुरी कशी होते?

आमच्याकडं याची एक वेगळीच गंमत आहे. इथल्या पोट्ट्यांच्या हातात फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआय हे मोबाइलवरचे गोळीबाराचे गेम असतात, कारण ते फुकट आहेत आणि साध्या फोनवर चालतात. माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो. तरी माइनक्राफ्टची त्यांना खडान्‌खडा माहिती आहे, कारण हिंदी गेमरांचे व्हिडिओ ते तासन्‌तास पाहतात. म्हणजे न खेळता पाहणारा हा प्रेक्षक. त्याच्यासाठी गेम हाच आधीपासून एक सिनेमा आहे. मग थिएटरातला सिनेमा त्याला त्याहून वेगळं काय देतो? याचं उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही समीक्षकाकडं नसणार. ते तुम्हीच द्यायचं आहे, आणि तुमच्यासाठी हे केवढं मोकळं रान आहे! असा प्रश्न हाताशी असताना तुम्ही ४८ टक्के लिहिता, याचं मला खरंच नवल वाटतं.

गेम ओळखून पाहिलं की दोष पण जास्त स्पष्ट दिसतात. २०१६ चा 'असॅसिन्स क्रीड' घ्या. गेममधली मजा जुन्या काळात आहे, जुन्या शहरांच्या छपरांवरून पळण्यात. चित्रपट निम्म्याहून अधिक वेळ आजच्या काळातल्या प्रयोगशाळेत कोंडून ठेवतो आणि पंधराव्या शतकातला स्पेन तोंडी लावायला. हे समीक्षकालाही खटकलं आणि खेळणाऱ्यालाही. पण खेळणाऱ्याला नेमकं काय हरवलं ते सांगता येत होतं. २०२२ च्या 'अनचार्टेड'चं दुखणं वेगळं. तो गेमच मुळी साहसी चित्रपटांवरून बेतलेला; विमानातून लोंबकळण्याची मजा ही, की लोंबकळणारे आपण असतो. तोच प्रसंग चित्रपटात टॉम हॉलंडकडं गेला आणि आपण खुर्चीत बसून राहिलो. समीक्षकांनी चाळिशीत टक्के दिले, प्रेक्षकांनी नव्वद. दोन्ही मला समजू शकतात. आणि २०२३ चा 'मारिओ': निंटेंडोनं, खुद्द शिगेरू मियामोतो निर्मात्यांत बसून, १९९३ चा चटका लक्षात ठेवून इतका सांभाळून काढला, की गेममधलं सगळं जागच्या जागी आहे आणि नवं काही नाही. ज्याला ते जग घरचं वाटतं त्याला तेवढं पुरलं. तुम्हाला पुरलं नसेल तर तसं लिहा, पण काय पुरलं नाही ते लिहा.

आता मागण्या. फार नाहीत.

पहिल्या ओळीत सांगा की तो गेम तुम्ही खेळला आहे की नाही. नसेल खेळला तर काही बिघडत नाही, मीही निम्मे खेळलेलो नाही. पण शेजारचा एखादा पोट्टा सोबत न्या आणि तो कुठं हसला, कुठं मोबाइल काढून बसला, ते लिहा. हिंदी डब कसा झाला आहे ते लिहा. आमच्याकडं इंग्रजीतल्या चित्रपटाचा उपयोग नाही, आणि डबिंगवर मी मराठीत एक धड परिच्छेद वाचल्याचं आठवत नाही. कोणत्या वयाच्या मुलाला दाखवावा ते लिहा. 'फ्रेडीज' हे नाव गोड आहे, चित्रपटात यांत्रिक अस्वल माणसं मारतं, आणि गावाकडच्या आईला हे पोस्टरवरून कळत नाही.

आणि खर्चाचा विचार करून लिहा. आमच्यापासून मल्टिप्लेक्स म्हणजे नागपूर, नागभीड-भिवापूर-उमरेड करत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं आहे, बारा वर्षांपर्यंतच्या लेकराला अर्धं आहे, तरी चार जणांचं जाणं-येणं, तिकिटं आणि मधल्या वेळचं खाणं धरलं की रोजगार हमीच्या रोजानं (२०२५-२६ मध्ये तो ३१२ रुपये होता) काम करणाऱ्या घराचे कित्येक दिवस जातात. तुमच्यासाठी तो चित्रपट शुक्रवारचा एक खेळ असतो, आवडला नाही तर सोमवारी विसरला. आमच्याकडचा बाप लेकराच्या वाढदिवसाला वर्षातून एकदा नेतो. त्यानं तुमच्या लेखात '४८ टक्के' वाचलं तर तो ते शंभरपैकी मार्क समजतो, नापास नाही पण काठावर, आणि बेत रद्द करतो. किंवा 'रेकॉर्डतोड कमाई' वाचतो आणि जातो. दोन्ही वेळा त्याच्या पोराला तो चित्रपट आवडेल की नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

टक्का द्यायचाच असेल तर खाली कोपऱ्यात द्या, आणि तो कसा निघतो ते एका ओळीत सांगा. मथळ्यात नको. 'कोटी डॉलर' तर चित्रपटाच्या पानावरून काढून व्यापाराच्या पानावर न्या. तिथं तो वाचायला मला आवडतो.

शेवटचं, आणि हे विषयाला सोडून वाटलं तर वाटू द्या. हंगामात एकदा इकडं या. दिवाळीनंतर कधीही, कोणत्याही पटाच्या गावाला. रात्रभराचं नाटक पाहा, सकाळी टपरीवर बसा आणि मग त्यावर लिहा. उलाढालीचा आकडा घालायचा नाही, एवढीच अट. राहण्याची सोय माझ्याकडं आहे, झोपायची गरज पडणार नाही. येताना एखाद्या गेमवरच्या चित्रपटाची तुम्ही स्वतः पाहून, पोराला शेजारी बसवून लिहिलेली समीक्षा घेऊन या. ती मी दुकानात भिंतीवर लावीन, भरतीच्या जाहिरातींच्या शेजारी. पोट्टे तिथंच रांगेत उभे असतात, वाचतील. आणि काही चुकलं असेल तर तोंडावर सांगतील, त्याची तयारी ठेवा.

आपला,
एक वाचक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर